ब्यूरो म्हणाला ‘नर्सिंग झालेली’: मुलुंडच्या एका घरातली कागदपत्रांची पडताळणी

हे प्रकरण नमुन्यादाखल उभं केलं आहे. मुंबईत बाळाला सांभाळायला बाई ठेवताना जे पुन्हा पुन्हा घडतं, ते एका घरात बसवलं आहे. घर, ताई आणि ब्यूरो (बाई मिळवून देणारी एजन्सी) कल्पित आहेत. मंडळं, नियम आणि कलमं खरी आहेत.

परिस्थिती

मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांचं घर. नवरा-बायको दोघं नोकरीला. बाळ पाच महिन्यांचं, आईची २६ आठवड्यांची प्रसूतिरजा संपायला तीन आठवडे उरलेले. आजी नाशिकला, महिन्यातून आठ दिवस येणार. ठाण्याच्या एका ब्यूरोने एक ताई सुचवल्या: वय ३५, माहेर चिपळूण तालुक्यातलं, राहायला ठाण्याजवळच्या दिव्याला, वेळ सकाळी आठ ते रात्री आठ.

ब्यूरोचे दर दोन. ‘साधी आया’ २०,००० रुपये, ‘नर्सिंग झालेली’ ३०,०००. कमिशन एका महिन्याच्या पगाराइतकं. ताईंसाठी दुसरा दर सांगितला आणि व्हॉट्सॲपवर चार फोटो आले: आधार, दहावीची गुणपत्रिका, ‘डिप्लोमा इन चाइल्ड केअर अँड नर्सिंग’ आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. सोबत बायोडेटा, त्यात ‘एएनएम’ (नर्सिंगच्या एका अभ्यासक्रमाचं नाव) असा शब्द. निरोप असा की उद्या दुपारपर्यंत टोकन द्या, दुसऱ्या पार्टीची चौकशी आहे.

टोकन दिलं नाही, इथपर्यंत सगळं बरोबर झालं. मात्र पुढचे तीन दिवस घरच्यांनी चुकीच्या कागदावर संशय घेण्यात घालवले.

आधी ठरवायचं ते: कोणतं शिक्षण, कशासाठी

निरोगी, वेळेवर जन्मलेल्या बाळाला नर्स लागत नाही. नळीने दूध, ऑक्सिजन किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाची देखभाल असेल तर लागते, आणि तेव्हा ती नोंदणीकृतच हवी. एरवी लागते ती बाळाची सवय, धीर आणि लेबल वाचता येण्याइतकं शिक्षण.

हे शेवटचं किरकोळ वाटतं, पण तसं नाही. पॅरासिटामॉलचे लहान बाळांचे ड्रॉप्स साधारण १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात. सिरप ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं, म्हणजे १ मिलीला जेमतेम २५. डॉक्टरांनी सिरपच्या हिशेबाने सांगितलेले मिली कुणी ड्रॉप्सच्या बाटलीतून मोजले, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नाव एकच, फरक बारीक अक्षरात. दहावी तपासायची ती याच्यासाठी.

या घरात हे ठरलं चौथ्या दिवशी. पहिल्या दिवशी ठरलं असतं, तर नर्सिंगच्या दराची चर्चाच झाली नसती.

गुणपत्रिका: चार शंका, चारही फोल

पहिली शंका नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आडनाव आणि वडिलांचं नाव बदलणार हे समजण्यासारखं, पण इथे पहिलं नावही वेगळं होतं. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही. दुवा म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मागायचं. गावी ही नोंद ग्रामपंचायतीत होते. ते नसेल तर नावबदलाचं राजपत्र. तेही नसेल तर गुणपत्रिकेवर छापलेलं आईचं नाव उपयोगी पडतं, कारण लग्नानंतर तेवढंच बदलत नाही. नुसतं प्रतिज्ञापत्र म्हणजे स्वतःच स्वतःबद्दल लिहून दिलेलं, त्याला दुय्यम धरायचं. ताईंकडे ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र होतं, पिशवीत, नीट घडी करून. फक्त कुणी मागितलंच नव्हतं.

दुसरी शंका विभागाची. ‘चिपळूण म्हणजे रत्नागिरी जिल्हा, मग गुणपत्रिकेवर कोल्हापूर विभागीय मंडळ कसं?’ राज्य मंडळाचा कोकण विभाग २०१२ च्या परीक्षेपासून स्वतंत्र झाला. त्याआधी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकडे होते. ताईंची परीक्षा २००९ ची, म्हणजे कोल्हापूर हेच बरोबर. उलट २००९ च्या कागदावर ‘कोकण विभाग’ असतं, तर हात आखडता घ्यायला हवा होता.

तिसरी शंका टक्क्यांची. बाळाच्या काकांनी चांगल्या पाच विषयांचे गुण धरून टक्के काढले, ते बायोडेटातल्या आकड्याशी जुळेनात. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ मार्च २०१० च्या परीक्षेपासून आलं. त्याआधी सगळे विषय धरायचे. सगळे धरले, आकडा जुळला.

चौथी सगळ्यात जड. ताईंनी शाळा सोडल्याचा दाखला आणला, त्यात ‘आठवीतून शाळा सोडली, २००४’. आठवीत शाळा सोडलेली मुलगी २००९ मध्ये दहावी पास कशी? उत्तर महाराष्ट्रात कुठल्याही शिक्षकाला तोंडपाठ असतं: सतरा नंबरचा फॉर्म. शाळेत न जाता खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसणाऱ्यांचा हा अर्ज. गावच्या शाळेतला जुना दाखला जोडून तो जवळच्या हायस्कूलमार्फत भरतात, आणि गुणपत्रिका त्या हायस्कूलमधून मिळते. त्यामुळे दाखल्यावर आठवी आणि गुणपत्रिकेवर दहावी हे एकमेकांशी भांडत नाहीत. ‘फॉर्म कुठल्या शाळेतून भरला होता?’ हा एक प्रश्न पुरतो. ज्याने खरोखर परीक्षा दिली त्याला शाळेचं नाव, परीक्षेचं केंद्र आणि कुठल्या विषयाने रडवलं हे सांगता येतं. ताई एका दमात म्हणाल्या, ‘बीजगणित. मार्चला राहिलं, ऑक्टोबरला काढलं.’

या ‘ऑक्टोबर’मध्येच पुढची अडचण लपलेली होती.

मुळाशी जाऊन तपासणं

कागद कितीही न्याहाळला तरी तो खरा आहे हे ठरत नाही. ज्याने दिला त्याच्या दप्तरात नोंद आहे का, एवढंच विचारायचं. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेसाठी तीन वाटा आहेत.

सर्वांत जलद डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रांचं सरकारी ॲप. फोन ताईंचा, ओटीपी त्यांचा, बोट त्यांचंच. आपण शेजारी बसायचं. फोन हातात घेऊ नये, ओटीपी मागू नये. बघायचं ते ‘इश्यूड’ या भागात, जिथे कागद थेट मंडळाच्या नोंदीतून येतो. डिजिलॉकरच्याच ‘ड्राइव्ह’मध्ये कुणीही स्वतः स्कॅन केलेलं काहीही ठेवू शकतं, आणि ब्यूरोवाले ‘डिजिलॉकरमध्ये आहे की’ म्हणून नेमकं तेच दाखवतात. सरकारी नियमांनी मूळ कागदाचा दर्जा दिला आहे तो फक्त ‘इश्यूड’मधल्या कागदाला.

या घरात शोध पहिल्यांदा रिकामा आला. कारण वर्ष २००९ आणि सत्र मार्च निवडलं होतं. ताई ऑक्टोबरला सुटल्या होत्या. फेरपरीक्षा जुलैत घ्यायला लागले ते २०१५ पासून. त्याआधीची म्हणजे ऑक्टोबर. सत्र बदलून पाहिलं तर नावाच्या फरकावर अडलं, कारण खातं आधारच्या म्हणजे सासरच्या नावाने. ‘सापडत नाही’ आणि ‘खोटं आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी. इथे थांबून बाईला घरी पाठवणारी घरं कमी नाहीत.

दुसरी वाट मंडळाची. गुणपत्रिकेच्या पडताळणीसाठी संबंधित विभागीय मंडळाकडे बैठक क्रमांक, वर्ष, सत्र आणि प्रत देऊन शुल्क भरून अर्ज करायचा. मुंबईत राहतो म्हणून वाशीच्या मुंबई विभागीय मंडळात जाऊन उपयोग नाही. कागद कोल्हापूरचा तर अर्ज कोल्हापूरला. बैठक क्रमांकाच्या सुरुवातीचं इंग्रजी अक्षर लिहायला विसरू नये. झेरॉक्समध्ये ते पुसट होतं आणि अर्ज परत येतो.

तिसरी वाट शाळेची. ज्या हायस्कूलमार्फत सतरा नंबर भरला, तिथल्या मुख्याध्यापकांना फोन. नंबर कागदावरचा किंवा ब्यूरोने दिलेला घ्यायचा नाही, आपण स्वतः शोधायचा. आपण तपशील वाचून दाखवायचे नाहीत, त्यांच्याकडून वाचून घ्यायचे. ‘अमुक नाव, ऑक्टोबर २००९, पास, बरोबर ना?’ असं विचारलं की पलीकडून ‘हो’ येतंच. ‘या नावाची नोंद कुठल्या वर्षीची सापडते?’ असं विचारावं. हायस्कूलने दुसऱ्या दिवशी वर्ष आणि सत्र स्वतःहून सांगितलं. त्यावर काम सुरू करायला हरकत नव्हती, मंडळाचा अर्ज समांतर टाकला.

शाळा किंवा मंडळ तिऱ्हाइताला सहसा माहिती देत नाही, म्हणून संमतिपत्र लागतं. ते चार ओळींचं पुरतं:

‘मी, (सध्याचं नाव, लग्नापूर्वीचं नाव), माझी इयत्ता दहावीची गुणपत्रिका (बैठक क्रमांक, सत्र, वर्ष) खरी असल्याची खात्री (मालकांचं नाव) यांनी आपल्या कार्यालयातून करून घेण्यास संमती देत आहे. ही संमती फक्त या एका कागदापुरती आहे. सही, तारीख.’

ते ताईंनी स्वतःच्या हाताने लिहावं. लिहिता-वाचता येतं का, हे विचारण्याचा अवघडलेला प्रसंग त्यातच टळतो.

चकचकीत कागद

इतका वेळ ज्या कागदाकडे कुणी संशयाने पाहिलं नव्हतं, तो डिप्लोमा. जाड कागद, होलोग्राम, वर ‘शासन नोंदणीकृत’, खाली ‘आयएसओ ९००१:२०१५’, वर्ष २०१८, मुदत सहा महिने, लॅमिनेट केलेला.

एकेक घेऊ. आयएसओ ९००१ हे कारभाराच्या पद्धतीचं मानक आहे. ते पंखे बनवणाऱ्या कारखान्यालाही मिळतं, अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही. ‘शासन नोंदणीकृत’ म्हणजे बहुतेकदा संस्था सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा उद्यम (लघुउद्योग) म्हणून नोंदलेली. दुकानाचा गुमास्ता परवाना असला म्हणून आतल्या मालाची हमी मिळत नाही, तसंच हे. तसा ब्यूरोचा गुमास्ताही फार काही सांगत नाही: २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली थोडे कामगार असलेल्या लहान आस्थापनेला नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यावी लागते.

उरला ‘एएनएम’ हा शब्द. एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. पूर्वी दहावीवर दीड वर्षाचा असलेला हा अभ्यासक्रम आता बारावीनंतर दोन वर्षांचा आहे. सहा महिन्यांत तो जुन्याही नियमाने होत नाही आणि नव्याही. पूर्ण करणाऱ्याची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते, नोंदणी क्रमांक मिळतो, आणि नोंदणीचं ठराविक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा प्रश्न एकच: ‘परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?’ ब्यूरोने डिप्लोम्यावरचा अनुक्रमांक पाठवला. तो संस्थेचा स्वतःचा आकडा.

डिप्लोम्यावरच्या नंबरवर फोन केला, तर वर्ष सांगायच्या आत उत्तर आलं, ‘हो हो, आमच्याकडचीच.’ मग मुद्दाम विचारलं: कुठल्या रुग्णालयात प्रात्यक्षिक झालं, किती तास, परीक्षा कुणी घेतली? ‘सर बाहेर गेलेत.’ सर पुढचे तीन दिवस बाहेरच होते.

याचा अर्थ कागद बनावट होता असा नाही. संस्था होती, वर्ग भरत होते, ताई खरोखर सहा महिने शनिवार-रविवार गेल्या होत्या आणि १८,००० रुपये भरले होते. बाळाला आंघोळ, दुपटं, बाटल्या उकळणं, ताप मोजणं एवढं शिकवलं होतं. फसवणूक ‘नर्सिंग’ या शब्दात होती, आणि तिचा पहिला फटका ताईंनाच बसला होता. बायोडेटात ‘एएनएम’ कुणी घातलं, विचारल्यावर त्या गोंधळल्या. ‘वहिनी, मी तर ‘चाइल्ड केअर’ सांगितलं होतं. ते म्हणाले, फॉर्ममध्ये हेच टाकतात.’

म्हणून ताईंना दरडावण्यात अर्थ नसतो. खोटा दस्तऐवज खरा म्हणून जाणूनबुजून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे, पण त्यात ‘जाणूनबुजून’ला वजन आहे. हा प्रकार तर त्याच्या जवळपासही नव्हता. पोलीस पडताळणीचा मुद्दाही इथेच निकालात काढू. ती जरूर करावी, पण तिच्यातून ओळख आणि गुन्ह्यांची नोंद कळते. शिक्षणाबद्दल ती काही बोलत नाही. आधारचंही तसंच. क्यूआर स्कॅन करून ओळख जुळवायची, पण जन्मतारखेचा पुरावा म्हणून त्यावर विसंबायचं नाही. वय शाळेच्या दाखल्यावरून घ्यावं, तिथे तारीख अक्षरातही असते.

प्रात्यक्षिक, चाळीस मिनिटं

प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं, २०२० चं. ते तीन वर्षं चालतं, म्हणजे मुदत संपलेली. कागद खरा, पण शिळा. त्यामुळे तो बाजूला ठेवून जमिनीवर चटई टाकली आणि एक बाहुली घेतली.

बाळाच्या घशात काही अडकलं तर? ताईंनी बाहुली उपडी करून हातावर घेतली, डोकं खाली, पाठीवर तळहाताने पाच थापा. इथवर छान. मग सरळ करून पोट दाबलं. ते चूक. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, यकृताला इजा होते. छातीच्या मधोमध पाच दाब द्यायचे, मग पुन्हा पाठीवर पाच. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आत सरकते. मोठ्या माणसाचं तंत्र बाळावर वापरण्याची ही चूक फार जणांची होते, आणि जुन्या प्रमाणपत्रांच्या बाबतीत हटकून.

मग ओआरएस. ओट्यावर एक मोठं पाकीट आणि एक लहान ठेवलं, शेजारी ग्लास आणि लिटरची बाटली, आणि काही न सांगता ‘करून दाखवा’ म्हटलं. इथे बहुतेक जणी मोठं पाकीट सरळ ग्लासात फोडतात. तसं केल्यावर मीठ पाचपट होतं आणि जुलाब लागलेल्या बाळाला ते धोक्याचं. ताईंनी पाकीट फोडलं नाही. उलटं केलं, खिडकीपाशी नेलं, मागचं बारीक वाचलं आणि म्हणाल्या, ‘हे लिटरचं. दुसरं दोनशे मिलीचं. कोणतं करू?’ केलेलं पाणी किती वेळ चालतं यावर मात्र ‘दोन दिवस’ म्हणाल्या. चोवीस तास, नंतर ओतून द्यायचं. मध वर्षाच्या आत नाही, झोपवताना पाठीवर, हे दोन्ही बरोबर.

दहावीच्या कागदासाठी जे चार दिवस घातले, त्याचा उपयोग त्या खिडकीपाशी दिसला.

व्यवहार

ब्यूरोशी बोलणं फोनवर न करता लिहून झालं. तीन ओळी: परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक द्या, किंवा बायोडेटातून ‘एएनएम’ आणि ‘नर्सिंग’ काढा, कमिशन ‘साध्या आये’च्या दराने, करारात एक कलम घाला की ब्यूरोने दिलेली शैक्षणिक माहिती चुकीची निघाली तर कमिशन सात दिवसांत परत. ब्यूरोने आधी ‘सगळे असंच लिहितात’ सुनावलं, संध्याकाळी मान्य केलं. बदली बाई देण्याच्या कलमावर समाधान मानू नये. बदलीत तोच ब्यूरो तशाच बायोडेटाची दुसरी पाठवतो.

ताईंचा पगार मात्र २०,००० वर आणला नाही, २३,००० ठरला. नर्सिंगचे पैसे कापले, सात महिन्यांच्या दोन आणि वर्षाच्या एका बाळाच्या अनुभवाचे धरले. त्या तिन्ही घरी फोन झाले होते, आणि तिन्ही नंबर ब्यूरोने नव्हे तर ताईंनी दिले होते. प्रथमोपचाराचा वर्ग घराच्या खर्चाने, पहिल्या महिन्यातल्या एका शनिवारी, त्या दिवसाचा पगार न कापता.

मूळ कागद घरात ठेवून घेतले नाहीत. ‘सहा महिने तरी ठेवा, मग पळून जाणार नाहीत’ हा ब्यूरोचा सल्ला धुडकावण्याच्याच लायकीचा. फाइलमध्ये राहिलं ते एवढंच: मास्क केलेल्या (आकडे झाकलेल्या) आधारची प्रत, गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि त्यावर ‘मूळ पाहिले’ असा शेरा तारखेसह, संमतिपत्राची प्रत, विवाह प्रमाणपत्राची झेरॉक्स. विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती कारणासाठी माहिती ठेवणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाही. ब्यूरोला ती सूट नाही. तेव्हा ताईंचे कागद सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणाला बाई हवी का’ म्हणून फिरवायला कायदा आडवा आला नाही तरी ते करायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको. पण या घरातून एकदा तसा फोटो गेलाच होता. तो ग्रुपवरून काढून टाकला आणि ताईंना तसं सांगितलं.

कोल्हापूरचं उत्तर ताई रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात आलं: नोंद जुळते, सत्र ऑक्टोबर २००९. ताईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘वहिनी, याची झेरॉक्स मला मिळेल? पुढच्या घरी डिप्लोम्याच्या ऐवजी हीच दाखवते.’ झेरॉक्स फाइलमध्ये राहिली, मूळ पत्र त्यांच्या पिशवीत गेलं.